एक ऑक्सिजन सेन्सर गेला आहे: चारही बदलावेत की एकच?

धागाकर्ता

आमची मिनीव्हॅन आता वीस वर्षांची होत आली आहे. इंजिन आडवे बसवलेले व्ही-६ पेट्रोल असून त्याला एकूण चार ऑक्सिजन सेन्सर आहेत. तीन आठवड्यांपूर्वी डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि तो तेव्हापासून विझलेला नाही. स्कॅनर लावल्यावर पी ०१३५ हा एकच कोड मिळाला. इंजिन तापल्यावर गाडी अगदी नीट चालते, मात्र सकाळच्या छोट्या फेऱ्यांमध्ये पेट्रोल थोडे जास्त लागते आहे, असा माझा अंदाज आहे.

गाडी जुनी असल्यामुळे एकदाच कंबर कसून चारही सेन्सर बदलून टाकावेत, असा विचार आहे. ते शहाणपणाचे ठरेल का? शिवाय या कोडमधला 'बँक १' म्हणजे इंजिनाची नेमकी कोणती बाजू, आणि इतकी वर्षे गंजत बसलेला सेन्सर घरच्या हत्यारांनी निघेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

मल्टीमीटर

चार सेन्सर विकत घेण्याआधी तो कोड काय म्हणतो आहे, ते एकदा नीट पाहावे. पी ०१३५ चा अर्थ 'सेन्सर खराब आहे' असा नसून 'बँक १ मधल्या पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे' असा आहे. सर्किटमध्ये फ्यूज येतो, रिले येतो, वायरिंग येते, कनेक्टरमधली गंजलेली पिन येते, इंजिनाचा कंप्यूटर येतो आणि सर्वांत शेवटी सेन्सरमधला हीटर येतो. कोड संशयिताचा पत्ता देतो, आरोप सिद्ध करत नाही.

हीटर कशासाठी असतो, हे कळले की तुमच्या गाडीची लक्षणेही उलगडतात. सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियाची टोपी असते. तिच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे तिच्यात सूक्ष्म व्होल्टेज तयार होते. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर ते ०.९ व्होल्टच्या आसपास जाते आणि हवा जास्त असेल तर ०.१ पर्यंत उतरते. परंतु झिर्कोनिया हे काम साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्यावरच करते. तोवर कंप्यूटर सेन्सरकडे दुर्लक्ष करून ठरावीक तक्त्याप्रमाणे, थोडे जास्तच पेट्रोल सोडत राहतो. हीटर मेला तरी धुराच्या उष्णतेने सेन्सर तापतोच, फक्त उशिरा तापतो. म्हणून लांबच्या प्रवासात तुम्हाला काही जाणवत नाही आणि सकाळच्या छोट्या फेरीत पेट्रोल जाते.

तपासणी सोपी आहे. हीटरचा फ्यूज बहुधा एकापेक्षा जास्त सेन्सरांना सामाईक असतो. तो उडाला असता तर पी ०१३५ च्या जोडीला पी ०१५५, पी ०१४१ यांसारखी भावंडेही आली असती. तरीही तो आधी पाहावा. त्यानंतर इंजिन थंड असताना सेन्सरचा कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या चारपैकी ज्या दोन वायर एकाच रंगाच्या आहेत (बहुधा पांढऱ्या असतात), त्यांच्यामधला रोध मोजावा. चांगला हीटर काही ओहम दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे. मग इंजिन चालू करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये बॅटरीचे व्होल्टेज येते का, ते पाहावे, पण मीटरची काळी तार इंजिनाच्या धातूला लावूनच. पुष्कळ गाड्यांत कंप्यूटर हीटरची अर्थची बाजू चालू-बंद करत असतो, त्यामुळे दोन पिनांच्या मध्ये मोजले तर वाचन फसवे येते.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभार. फ्यूज शाबूत आहे. बॉनेट उघडल्यावर रेडिएटरच्या बाजूला जो सेन्सर सहज दिसतो, त्याचा हीटर मोजला तर ६ ओहम आला, आणि त्याच्या कनेक्टरपर्यंत व्होल्टेजही व्यवस्थित येते आहे. म्हणजे सेन्सर चांगला, पुरवठा चांगला आणि दिवा मात्र लागलेलाच. आता कंप्यूटरच गेला असेल का, या शंकेने झोप उडाली आहे.

जुनी गाडी

कंप्यूटरवर इतक्यात संशय घेऊ नये. तुम्ही बहुधा चुकीचा सेन्सर मोजला आहे. बँक १ म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांपैकी ज्या रांगेत एक क्रमांकाचा सिलिंडर असतो ती बाजू. तिचा समोर-मागे किंवा डावे-उजवे असण्याशी काही संबंध नाही. आडव्या व्ही-६ इंजिनाच्या पुष्कळ मिनीव्हॅनमध्ये एक क्रमांकाचा सिलिंडर मागे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या बाजूला असतो. मात्र सर्वच उत्पादकांनी असे केलेले नाही, म्हणून अंदाजावर विसंबू नये. सेन्सर १ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) आधीचा आणि सेन्सर २ म्हणजे त्याच्या नंतरचा, एवढे मात्र सगळीकडे सारखे आहे.

मॅन्युअल जवळ नसेल तर इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर सेन्सरांची चालू वाचने उघडा आणि समोरच्या सेन्सरचा कनेक्टर काढा. ज्या बँकेचे वाचन जागीच थिजेल, ती समोरची बँक. या प्रयोगाने एखादा नवा कोड पडेल, तो नंतर पुसून टाकावा.

धागाकर्ता

प्रयोग केला. समोरचा कनेक्टर काढताच बँक २ चे वाचन थांबले. मागच्या सेन्सरचा कनेक्टर वरून हात घालून, दिसत नसताना केवळ चाचपून सापडला. त्याच्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये मीटर अनंत दाखवते आहे आणि गाडीच्या बाजूने १४ व्होल्टच्या आसपास येत आहेत. म्हणजे हीटर खरोखरच मेला आहे, फक्त तो ज्याचा आहे त्याच्यापर्यंत पोहोचायला मला दोन दिवस लागले. आता प्रश्न उरला तो चार की एक, हा.

आटेदार

एकच. कन्व्हर्टरनंतरचे दोन सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टर आपले काम करतो की नाही, यावर नजर ठेवतात. पेट्रोलचे प्रमाण ठरवण्यात त्यांचा वाटा थोडा असतो. त्यांच्याविषयी तक्रार नसताना ते काढायला जाणे म्हणजे गंजलेले आणखी दोन आटे मोडण्याचा धोका हौसेने पत्करणे. समोरच्या सेन्सरविषयी मात्र दुसरे मत असू शकते. हीटरवाल्या सेन्सरांचे आयुष्य साधारण १ लाख ते १.६ लाख किलोमीटर धरतात. तोही पहिल्यापासूनचाच असेल तर त्याचा प्रतिसाद मंदावला आहे का, ते स्कॅनरवर पाहून ठरवावे.

नवा सेन्सर घेताना एक चूक हमखास होते. काही गाड्यांत कन्व्हर्टरच्या आधी साधा सेन्सर नसून रुंद पट्ट्याचा, म्हणजे हवा आणि इंधन यांचे प्रत्यक्ष गुणोत्तर मोजणारा सेन्सर असतो. दोघांचे आटे सारखे असू शकतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. त्यामुळे गाडीच्या मॉडेलप्रमाणे सुटा भाग क्रमांक जुळवूनच घ्यावा. शक्य असेल तर मूळ कनेक्टरसकट मिळणारा घ्यावा. वायर कापून जोडायचा प्रकार घेतलाच, तर जोड सोल्डर करू नयेत, सोबत आलेल्या दाबाच्या जोडण्याच वापराव्यात. यामागे कारण आहे. तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा पुष्कळ सेन्सर वायरीच्या आवरणाच्या आतल्या पोकळीतूनच ओढून घेतात. सोल्डर तारांमध्ये झिरपले किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरले, की सेन्सरचा श्वासच कोंडतो.

पहिला गिअर

थोडे जुने, पण याच विषयातले. असा सेन्सर बाजारातल्या मोटारीत प्रथम आला तो १९७६ मध्ये, बॉशने बनवलेला आणि व्होल्व्होने बसवलेला. त्याला हीटर नव्हता आणि वायर एकच होती, अर्थ थेट एक्झॉस्टच्या धातूतून मिळत असे. हीटर आल्यावर वायरी वाढल्या. धागाकर्त्यांच्या गाडीत चार आहेत त्या याच कारणाने: दोन हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या अर्थची.

गंजलेला नट

आता प्रत्यक्ष काढण्याविषयी लिहितो. खरी परीक्षा तिथेच असते.

सेन्सरचा षटकोन २२ मिलिमीटरचा आणि आटे १८ मिलिमीटर व्यासाचे, १.५ पिचचे असतात. बाजारात यासाठी बाजूला खाच असलेले खास सॉकेट मिळते, जेणेकरून वायर खाचेतून बाहेर राहते. नव्या गाडीवर ते उत्तम चालते. वीस वर्षे गंजलेल्या सेन्सरवर जोर लावला की ती खाच फाकते, सॉकेट षटकोनावरून घसरते आणि कोपरे गोल होतात. तुमचा सेन्सर तसाही फेकायचाच आहे, तेव्हा त्याची वायर सरळ कापून टाका आणि सहा कोनांचे अखंड खोल सॉकेट किंवा रिंग पाना वापरा. बंद रिंग फाकत नाही. मात्र वायर कापण्याआधी नवा सेन्सर हातात असावा आणि त्याचा कनेक्टर गाडीच्या कनेक्टरमध्ये बसतो, याची खात्री केलेली असावी.

आदल्या रात्री आट्यांच्या कडेवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटेच चालवा. मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा पाइप) हाताला चटका बसेल इतका नव्हे, तर धातू किंचित फुगेल इतकाच कोमट हवा. तरीही जाड हातमोजे घालावेतच. मागच्या बाजूला पोहोचायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे वायपरखालचे प्लास्टिकचे आवरण काढून वरून, दुसरी गाडीखालून. खालून जायचे असेल तर गाडी केवळ जॅकवर ठेवून कधीही आत शिरू नये. सपाट जमिनीवर दोन जॅकस्टँड लावावेत, मागच्या चाकांना अटकाव द्यावा आणि गाडी हाताने हलवून पाहावी.

लांब दांडा लावल्यावर आधी सोडवायच्या नव्हे, तर आवळायच्या दिशेने अगदी केसभर दाब द्या. गंजाचा थर तिथे तुटतो. मग सोडवायच्या दिशेने सावकाश, एकसारखा जोर लावा. 'टक्' असा आवाज आला आणि दांडा हलला, की आनंदाच्या भरात एका दमात फिरवत सुटू नका. पाव फेरी सोडवा, पुन्हा थोडा आवळा, तेल मारा, पुन्हा पाव फेरी. आटे करकरत असतील तर ते तुटण्याची सूचना देत आहेत, असे समजावे.

दोन बोटं ग्रीस

इतका सोहळा कशाला? मी दोनदा एअर गनने काढला आहे, दहा सेकंदांत सुटला.

गंजलेला नट

सुटला, याचा आनंद आहे. परंतु एअर गनच्या धक्क्यांमध्ये आटे केव्हा फाटले, हे हाताला कळत नाही, लांब दांड्यावर ते कळते. समोरच्या उघड्या सेन्सरला एखादा तो धोका पत्करू शकेल. मागच्या बाजूला आटे गेले तर मॅनिफोल्ड किंवा पुढचा पाइपच उतरवावा लागतो.

ज्वालेने तापवण्याविषयी कोणी सुचवण्याआधीच लिहितो. तिचा उपयोग होतो, पण तिथून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात आणि आपण नुकतेच पेटणारे तेल फवारलेले असते. घरच्या अंगणात हा प्रयोग नको.

धागाकर्ता

काल काम केले. वरच्या वाटेने गेलो. वायपरचे आवरण काढल्यावर हात कोपरापर्यंत आत जातो, पण डोळे जात नाहीत. त्यामुळे फोन मॅनिफोल्डच्या मागे धरून फोटो काढायचा, पाहायचा आणि मग पाना लावायचा, असे चालले होते. वायर कापली, रिंग पाना बसवला आणि त्याच्या टोकाला दुसरा पाना अडकवून दांडा लांब केला. पहिला 'टक्' यायला बराच वेळ गेला. त्यानंतर पाव-पाव फेरीने सेन्सर निघाला. शेवटच्या दोन आट्यांत धातूचा चुरा चिकटलेला दिसला, म्हणून आटे साफ करणारा टॅप खाचांमध्ये ग्रीस भरून हाताने फिरवला, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो आणि पाइपात पडत नाही.

नव्या सेन्सरच्या आट्यांना कारखान्यातूनच राखाडी लेप लावलेला होता, त्यामुळे वेगळे काही लावले नाही. टोकाला बोटही लागू दिले नाही. सुरुवातीच्या फेऱ्या हाताने दिल्या आणि मग खाचेच्या सॉकेटने आवळला. माहितीपुस्तिकेत ४५ न्यूटन मीटर दिले होते, पण टॉर्क पाना तिथे मावेना, म्हणून अंदाजाने आवळला. वायर जुन्याच क्लिपांमधून मॅनिफोल्डपासून दूर नेली. कोड पुसला आणि दिवा गेला.

आज सकाळी दिवा पुन्हा लागला. आता पी ०१७१ आहे, म्हणजे बँक १ मध्ये हवा जास्त, पेट्रोल कमी. सेन्सर नवा कोरा आहे. तोच खराब निघाला का?

मल्टीमीटर

शक्य आहे, पण तो शेवटचा संशयित. इंधनाच्या दुरुस्तीचे आकडे, म्हणजे फ्यूएल ट्रिम (कंप्यूटर तक्त्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो ते), दोन्ही बँकांचे आणि दोन वेगांवरचे द्यावेत: एकदा निष्क्रिय वेगाला आणि एकदा २५०० फेऱ्यांवर.

धागाकर्ता

बँक १ चा दीर्घकालीन आकडा निष्क्रिय वेगाला +१९ टक्के आणि २५०० फेऱ्यांवर +६ टक्के. बँक २ चा दोन्ही वेळा +२ च्या आसपास.

मल्टीमीटर

आकडे बोलके आहेत. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर दोन्ही बँका भुकेल्या राहिल्या असत्या आणि वेग वाढवल्यावर तूट वाढली असती. तुमच्याकडे एकाच बँकेत तूट आहे आणि वेग वाढल्यावर ती कमी होते आहे. म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा शिरते आहे. ती इनटेकच्या बाजूने शिरत असेल किंवा एक्झॉस्टमध्ये सेन्सरजवळ. एक्झॉस्टमधून वायू बाहेरच पडतो, आत काही येत नाही, असा समज असतो. प्रत्यक्षात दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी तिथे दाब उतरतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो कंप्यूटरला 'पेट्रोल कमी आहे' असे कळवतो. कंप्यूटर बिचारा विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो.

दोष कालच्या कामानंतर आला आहे आणि तुम्ही जिथे हात घातला त्याच बँकेत आला आहे. तेव्हा नवा सेन्सर आपल्या जागी पूर्ण टेकला आहे का, ते आधी पाहा. वायपरचे आवरण काढताना एखादी व्हॅक्यूमची नळी निसटली नाही ना, हेही पाहून घ्या.

धागाकर्ता

नळ्या सर्व जागेवर होत्या. सकाळी इंजिन थंड असताना चालू केले आणि आवरण काढून कान दिला, तर मागून बारीक 'फट् फट्' असा आवाज येत होता. दोन मिनिटांत, धातू तापल्यावर, तो मंदावला. इंजिन बंद करून निवू दिले आणि सेन्सर पुन्हा काढला. जुन्या सेन्सरचा धातूचा वॉशर जुना सेन्सर निघताना निघालाच नव्हता. तो बसण्याच्या जागेवर गंजाने इतका एकजीव झाला होता की फोटोत मला तो पाइपाचाच भाग वाटला. त्याच्यावर नव्या सेन्सरचा स्वतःचा वॉशर तिरका टेकला होता. बारीक पेचकसाच्या टोकाने कड उचलल्यावर तो सुटला. जागा तारेच्या ब्रशने साफ केली आणि सेन्सर पुन्हा बसवला. या वेळी लांब जोड लावून टॉर्क पानाही कसाबसा पोहोचवला.

आटेदार

एकदा दाबला गेलेला वॉशर दुसऱ्यांदा पूर्ण बसेलच असे नाही, म्हणून उद्या इंजिन थंड असताना पुन्हा कान द्यावा. काढलेल्या जुन्या सेन्सरचे टोक कोणत्या रंगाचे आहे? काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जात होते. पांढरी भुकटी असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असण्याची किंवा कोणीतरी इंजिनावर साधे सिलिकॉन सीलंट वापरले असण्याची शंका घ्यावी. तसे असेल तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल.

धागाकर्ता

टोक फिकट तपकिरी आहे, भुकटी किंवा काजळी नाही. कूलंटची पातळीही वर्षभर खाली गेलेली नाही.

पाच दिवस गाडी रोजच्यासारखी चालवल्यावर लिहितो आहे. थंड इंजिनाचा आवाज गेला आहे. बँक १ चा आकडा निष्क्रिय वेगाला +३ वर स्थिरावला आहे. स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर आणि त्यांचे हीटर या दोन्ही चाचण्या पूर्ण झाल्याचे दिसते, कन्व्हर्टरची तेवढी अजून बाकी आहे. समोरच्या सेन्सरचा सिग्नल २५०० फेऱ्यांवर पाहिला, तो अजून ०.१ आणि ०.८ च्या मध्ये भराभर झोके घेतो आहे, म्हणून त्याला हात लावलेला नाही. त्याच्या आट्यांवर मात्र आतापासून दर महिन्याला थोडे तेल मारून ठेवणार आहे.

गंजलेला नट

ते तेल गरम मॅनिफोल्डवर जळून जाते. काढायच्या आदल्या रात्री मारा.

धागाकर्ता

बरे. मग तोवर डबा कपाटातच राहील.